खड्ड्यातला चिखल

"अजून खरवड म्हाळू, पांढरी माती लागंपत्तोर थांबू नको," तुळजाबाई खड्ड्याच्या काठावरून ओरडल्या. म्हाळूने सुस्कारा टाकून पुन्हा फावडं उचललं.

तुळजाबाई तलवाड्याच्या दूध संस्थेच्या चेअरमन. दुष्काळात संस्थेने जनावरांची छावणी उघडली होती आणि तिची सगळी भिस्त एकाच विहिरीवर होती. विहिरीच्या वरच्या अंगाला जनावरांवर गोचिडाचं औषध फवारायची जागा. तिथलं पाणी वर्षानुवर्षं या खड्ड्यात जिरत आलेलं. विहिरीच्या पाण्याचा पहिला नमुना चांगला निघाला होता. पण दुसऱ्यात विष सापडलं तर छावणी बंद होणार होती. तुळजाबाईंना तो काळा, उग्र वासाचा चिखल बघूनच धडकी भरायची.

"औषधात पाणी घालत्यात का काय कंपनीवाले?" त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. "गोचीड मरंना झालंय."

"औषध चोख आहे, काकू," सुंदरराव डॉक्टर म्हणाले. "जिवंत अंगात एन्झाइम असतात. ते विषाचे तुकडे करून टाकतात. ज्या गोचिडांना ते जमलं ती वाचली, आता त्यांचंच बेणं वाढलंय. तुमच्या-माझ्या यकृतातही एन्झाइम आहेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंतसुद्धा."

"म्हंजे इख पचवायला शिकली म्हणा की!"

"तसंच समजा."

चिखल नाल्यापलीकडे टाकायचा हुकूम होता. म्हाळू पक्का आळशी. त्याने ट्रॉली छावणीमागच्या बाभळीखालीच रिकामी केली. तुळजाबाईंनी त्याला फैलावर घेतलं.

"उद्या उचलतो की काकू," तो म्हणाला.

काही आठवड्यांनी डॉक्टर दुसऱ्या नमुन्याचा निकाल घेऊन आले, ते तोंड पाडूनच.

"विष निघालं. थोडंच आहे, पण आहे. तहसीलवाले अजून एकदा तपासणार आहेत. तोवर जनावरांना टँकरचं पाणी पाजा."

तुळजाबाईंनी दावणीकडे पाहिलं. दावणीच्या गाई त्यांच्याकडेच बघतायत असं त्यांना वाटलं. त्यांना रडू आवरेना.

"खड्डा आरशावानी लख्ख केला हो! पैल्या बारीला एवढी घाण होती, तवा कावून न्हाई निघालं?"

डॉक्टर दोन पावलं पुढे गेले. कोरड्या, पांढऱ्या खड्ड्याकडे बघत राहिले.

"काकू," ते हळूच म्हणाले, "तो चिखल किती वर्षं औषध पीत होता? त्यातले जिवाणूही गोचिडांसारखेच विष पचवायला शिकले असतील."

तुळजाबाईंनी डोळे पुसले. मग पदर खोचून त्या तरातरा छावणीमागे गेल्या.

बाभळीखाली म्हाळू आडवा झाला होता. त्यांना बघताच तो धडपडत उठला. "उद्या नक्की उचलतो काकू, आईच्यान!"

"तुझ्या आळसाला दंडवत घालते रं, लेकरा," तुळजाबाई म्हणाल्या. "फावडं घे. ह्यो समदा चिखल परत खड्ड्यात भरायचा हाय."