कांडीवरचा तपकिरी थर

"मीटरचा काटा पडतोय गं, आणि परीक्षक बाई आल्या!" हुमेरा रडकुंडीला आली. सांडपाण्यात उतरलेलं जंतुनाशकातलं क्लोरीनवालं फिनॉल विजेनं मोडणारं आमचं यंत्र ऐन विज्ञान प्रदर्शनात बंद पडत होतं. पाण्यात वीज सोडणाऱ्या ग्रॅफाइटच्या कांडीवर नेहमीसारखा तपकिरी थर चढला होता. आता आम्हाला जिल्ह्याच्या प्रदर्शनाला कोण पाठवणार?

ती कांडी घासायला टेबलाखाली पॉलिश पेपर शोधायला लागली. मी मात्र आजवर खराब झालेल्या सगळ्या कांड्या बाईंसमोर मांडल्या. "फिनॉल मोडतं, पण त्याचाच चिकट थर कांडीवर बसतो आणि वीज अडते. उपाय अजून सापडला नाही, बाई."

"वेडी आहेस का?" हुमेरा कुजबुजली.

एक कांडी नखानं खरवडून बाई खुर्ची ओढून बसल्याच. "माझी पीएचडी ह्याच थरानं रखडवली होती गं! तारा उलट्या जोडून थर सुटतो का, पाहिलंत? नाही? मग जिल्ह्याला येण्याआधी पाहा."