खिडकीची फट

खाटेला खिळलेल्या पंजाबरावांसाठी लेकानं यंदाच्या उन्हाळ्यात हौसेनं एसी बसवला. समोरच्या मारुतीच्या पारावर सप्ताह सुरू झाला, तसं संध्याकाळचं कीर्तन खिडकीच्या फटीतून त्यांच्या उशाशी येऊन बसू लागलं.

आज गजेंद्र त्या फटीत रबरी पट्टी ठोकून घाम पुसत वळला. "बाबा, सारी थंड हवा इथूनच पळून राह्यली होती. आता पाहा बिल कसं खाली येते! अन् बाहेरचा कलकलाटही बंद."

लेकाचा फुललेला चेहरा पाहून पंजाबराव म्हणाले, "बेस केलं बापा."

काचेपलीकडे बुवा उभे राहिले. त्यांचे ओठ हलू लागले, माणसं टाळ्या वाजवू लागली. त्या टाळ्यांवर डोळे लावून पंजाबरावांनी खाटेच्या कडेवर बोटांनी ताल धरला.