सिरिल थर्लो यांचा एकच शब्द

“हार्ड,” सिरिल थर्लो पुन्हा म्हणाले.

मॉरीनने तिसऱ्यांदा त्यांच्या पाठीमागील उशी बदलली. पक्षाघातानंतर वडिलांच्या जिव्हेवर मोजकेच शब्द उरले होते, तेही एका वेळी एकच. त्यांची बुद्धी शाबूत आहे किंवा कसे, हे ठरविण्यास आज परीक्षक प्रिचर्डबाई इप्स्विचहून आल्या होत्या. ती शाबूत न आढळल्यास वृद्धाश्रम अटळ होता आणि खाडीकाठचे हे घर त्यांना कायमचे अंतरणार होते.

मॉरीन आत चहा करीत असता बाईंनी वृद्धाशी चार गोड शब्द बोलून पाहिले होते: वाटेतला पाऊस, खाडीपाशी सहज मिळालेली गाडीची जागा, भिंतीवरील होड्यांची चित्रे. मॉरीन बाहेर आली तेव्हा या शब्दाचे पारायण सुरू झालेले होते.

कठीण, कडक, निष्ठुर, जड, सगळ्यांस इंग्रजीत हा एकच शब्द. बिस्कीट कडक असेल म्हणून तिने ते चहात बुडवून दिले. नळाच्या जड पाण्याचा चहा नकोसा झाला असेल म्हणून बाटलीतल्या पाण्याचा केला. कमी ऐकू येणाऱ्यासही हाच शब्द लावतात, म्हणून बाई मोठ्याने बोलू लागल्या.

“हार्ड.” वृद्धाने आपला धड राहिलेला हात खिडकीकडे केला. वारा झोंबत असेल म्हणून मॉरीनने खिडकी लावली. त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर मूठ आपटली.

“बाबा, मघापासून डोकं खाताय माझं,” ती म्हणाली. “मला काय सोपं जातंय का हे सगळं? एक धड शब्द बोला हो. नाहीतर नेतील तुम्हाला.”

वृद्धाने बाईंकडे पाहिले. “हार्ड,” ते अगदी हळू म्हणाले.

बाईंनी कागदावर लिहिले: निरर्थक पुनरुक्ती, परिस्थितीचे भान नाही. मॉरीनने खाली सही केली.

किल्ली हाती घेऊन बाई पायऱ्या उतरल्या. मॉरीन त्यांना निरोप देण्यास कोपऱ्यापर्यंत गेली आणि दोघीही तेथेच थबकल्या. ज्या फरसबंद उतारावर थर्लो यांनी चाळीस वर्षे नावा ओढून ठेविल्या, तेथे बाईंची निळी गाडी भरतीच्या पाण्यात खिडक्यांपर्यंत बुडाली होती. आणि शेजारी, त्यांनीच कधीकाळी रंगविलेल्या फलकावर, त्या उताराचे नाव तेवढे अद्याप पाण्याबाहेर होते: ‘हार्ड’.