निळा ठिपका

मेंढपाळ ह्यूने निळ्या रंगाने माखलेला अंगठा सियाच्या टोपीवर टेकवला आणि तो हसला. अक्षयाने वेट वाइपने ठिपका पुसला, तर तो आणखीच पसरला.

"आई, हा मेंढी पण निळा का आहे?" सियाने आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं.

ह्यूच्या कळपातल्या सगळ्याच मेंढ्यांवर तो ठिपका होता. निळा म्हणजे आपली, मोजून घेतलेली, असं त्याने सांगितलं.

वेल्समधल्या या नदीकाठच्या गावात तिघं लंडनमधल्या ईलिंगहून सकाळीच आले होते. लोकरीच्या जुन्या गिरणीत आता कॅफे होता. गावच्या दवाखान्यात डॉक्टरची जागा निघाली होती आणि सुयशची मुलाखत तीन वाजता होती. दोन ठिकाणी नकार आल्यामुळे त्याला ही नोकरी हवीच होती. ह्यू आणि दुकानवाली ग्लेनिस दोघंही पॅनलवर आहेत हे कळल्यापासून अक्षया सारखी सियाला बजावत होती, "थँक यू म्हण. बाबाचं काम आहे."

पण बाबाबद्दल कुणी काही विचारतच नव्हतं. ग्लेनिसने सियाला गमबूट घालून पाहिले आणि एक साइज मोठेच दिले, वर्षभर जातील म्हणाली. ह्यूने वय विचारलं, मग जन्मतारीख. अक्षयाला ते खटकलं. नुकतीच चार झाली, एवढंच ती म्हणाली. ह्यूने बोटांवर सप्टेंबरपर्यंतचे महिने मोजले आणि ग्लेनिसकडे पाहून मान डोलावली.

निघताना अक्षयाने सियाच्या तळपायाला तीट लावली होती. एम.एस्सी. झालेली असूनही लावली होती. आता तीही पुरेशी वाटेना. तिने सियाचा हात घट्ट धरला.

तीनला सुयश दवाखान्यात गेला. तोवर शाळेत चला, मुलांनी कोकरू आणलंय, असं म्हणत ह्यू आणि ग्लेनिस मायलेकींना घेऊन निघाले. शाळेच्या अंगणात नऊ मुलं भांग पाडून रांगेत उभी होती. हेडटीचरने सियाशी हात मिळवला.

तेवढ्यात सुयशचा फोन आला.

"अगं, सव्वातीन झाले, पॅनलमधलं कुणीच आलं नाही. नर्स म्हणते, तुमचं झालंच आहे, चहा घ्या. माझं काही चुकलं का गं?"

अक्षया दारावरचा कागद वाचत होती. सप्टेंबरचे नवे प्रवेश धरून मुलं दहा झाली नाहीत तर जुलैत शाळा बंद.

आत भिंतीवर कोट अडकवायच्या खुंट्या होत्या. प्रत्येकीवर एक नाव, एक निळा ठिपका. अक्षयाने मोजल्या. नऊ जुन्या होत्या. दहावीवरचा रंग अजून ओला होता: सिया.