म्हसकर सरांचं प्रोटीन

"दोन्ही आकार वेगळे निघाले तर सर सुटले," वृंदा म्हणाली आणि तिनं फ्लॉपी आत ढकलली.

"और सेम निकले तो?" लछमनदासनं विचारलं. उल्हासनगरात कॉम्प्युटर क्लास काढण्याआधी तो परदेशी लेबलांच्या जीन्स शिवून विकायचा. त्यामुळे विषय त्याला परका नव्हता.

सेम निघाले तर म्हसकर सरांची नोकरी जाणार होती, आणि त्यांच्या हाताखालची वृंदाची पीएचडीही. सरांनी कित्येक वर्षं खपून एका प्रोटीनचा आकार शोधला. तो १९९१ साली छापून आला. एका अमेरिकन प्रोफेसरांनी तसाच आकार त्याआधीच छापला होता. कॉलेजनं चौकशी समिती नेमली. समितीत प्रोटीन कुणालाच कळत नव्हतं. पण उल्हासनगर आणि अमेरिका यांत नक्कल कोणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"नुसतं बघून काय कळतं? मोजा," असं म्हणून सर अडून बसले. मग वृंदानं प्रोग्रॅम लिहिला. प्रोटीन म्हणजे गुंतलेली माळ. प्रोग्रॅम एक माळ फिरवून फिरवून दुसरीवर बसवायचा आणि कुठला मणी किती सरकला ते सांगायचा.

मशीन दुपारभर घरघरलं. मण्यावर मणी बसला. फरक शून्य. दोघांनी आपापलं काम केलं असतं, तर इतकं जुळलंच नसतं.

"इतना सेम तो मेरा माल भी नहीं था," लछमनदास आदरानं म्हणाला.

वृंदा तडक बदलापूरला, बेलवलीत सरांच्या घरी गेली. सर लांब आकडीनं शेवग्याच्या शेंगा काढत होते.

"सर, सगळं जुळलं."

"शेपूट पण?"

"शेवटच्या मण्यापर्यंत." तिला रडू आवरेना. "समितीला काय सांगू?"

"हेच सांग!" सरांनी आकडी टाकून दिली. "अगं, छापण्याआधी मी सगळे आकडे त्या प्रोफेसरांना मत विचारायला पाठवले होते. हे तोंडी सांगून कोण ऐकणार होतं? पण शेपूट आमच्या प्रयोगात दिसलंच नव्हतं. मी ते मनानं वळवलं. मी अंदाज म्हणून छापलं, त्यांनी शोध म्हणून."

"मनानं म्हणजे कसं, सर?"

सर तिला गच्चीवर घेऊन गेले. पलीकडे उल्हास नदी, अमेरिकेत छापून आलेलं वळण घेत, निवांत वाहत होती.