नव्या तारा

अल्बम बाजारात आला आणि बँडचा म्होरक्या गिटार परत द्यायला तिच्या दारात उभा राहिला. जुन्या काळचा बाज हवा म्हणून त्याने तिच्या बाबांची गिटार स्टुडिओत नेली होती.

"ताई, तारा बदलल्यात हं. इतक्या गंजल्या होत्या, धनुर्वातच व्हायचा आम्हाला!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांच्या बोटांना फार घाम यायचा. तो गंज त्या घामाचा होता. ते गेल्यापासून तिने तारांवरून फडकंसुद्धा फिरवलं नव्हतं.

"जुन्या कुठायत?"

"त्या? टाकल्या कचऱ्यात."

"कुणाला विचारून?"

तो वरमला. "चुकलंच. आधीच बदलायला हव्या होत्या. लोक शिव्या घालतायत, पहिल्या चार गाण्यांत गिटारचा आवाज बसलाय म्हणून. पाचव्यापासून बघा कसा खणखणीत!"

तिने गिटार ओढून घेतली आणि त्याच्या तोंडावर दार आपटलं.

सगळ्यांनी नावं ठेवलेली ती चार गाणी संध्याकाळपर्यंत तिच्या घरात वाजत होती. पाचवं तिने एकदाही सुरू होऊ दिलं नाही.