कोंडिबाची मूळ टेप

विस्मृतीत गेलेल्या गायन पार्ट्यांच्या, ज्यांवरून रेकॉर्डी निघाल्या त्या मूळ टेपा गोळा करायचा कळंबच्या तात्याराव गुरुजींना नाद होता. गिटार वाजवत गाणाऱ्या कोंडिबाची टेप त्यांना बेंबळीत सापडली, त्याच्या बायकोकडं, केशरबाईकडं. स्टुडिओ बंद पडताना मालकानं ती कोंडिबाला देऊन टाकली होती. घरात ती वाजवायला मशीन नव्हतं, म्हणून कुणी कधी ऐकलीच नव्हती. आता कोंडिबाही राहिला नव्हता.

गुरुजींनी सोबत आणलेल्या मशीनवर टेप चढवली. गिटारच्या आधी एक तान्हं बाळ रडलं. "लेकराला बाहेर न्या," टेपमध्येच कुणीतरी दटावलं.

"हे रेकॉर्डवर नव्हतं," गुरुजी म्हणाले. "कापलं असणार."

केशरबाई मशीनजवळ सरकली. "माझी चांगुणा हाय ती. कडेवर घिऊन स्टुडिओत नेली व्हती मी. बाहत्तरच्या दुष्काळात गेली."

तेवढ्यात गाणं सुरू झालं. ज्याच्यासाठी गुरुजी गावोगाव हिंडले, तेच गाणं. केशरबाईनं हळूच त्यांच्या हाताला हात लावला.

"गाणं ऱ्हाऊ द्या, गुरुजी. पोरीला अजून एकदा रडू द्या."